चहाच्या वेळचे प्रश्न

ज्येष्ठ नागरिकांसाठी पोलिसांचे सायबर जागृतीचे कार्यक्रम आता नेहमीचे झाले आहेत. बॅनर, शाल-श्रीफळ, भाषण, चहा. आमच्या भागातल्या विरंगुळा केंद्रात अशाच एका कार्यक्रमाला मी बसले होते. त्यातलं मोलाचं काम चहाच्या वेळी झालं, असं माझं ठाम मत आहे.

भाषणही उत्तम होतं. उपनिरीक्षक मॅडमनी सोबतच्या हवालदारांना बाहेर पाठवलं आणि पहिल्या रांगेतल्या एका आजींना त्यांच्याकडून फोन करवला. "कुरिअर ऑफिसमधून बोलतोय. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत. साहेबांना फोन जोडतो. ठेवायचा नाही, घरात कोणाला सांगायचं नाही." हे नाटक आहे हे आजींना ठाऊक होतं. तरी त्यांचा आवाज बारीक झाला आणि त्या आधार नंबर सांगू लागल्या. कोणी हसलं नाही.

मग मॅडमनी सांगितलं, "डिजिटल अरेस्ट असं काही कायद्यात नाहीच. व्हिडिओ कॉलवर अटक होत नाही, आणि तपासणीसाठी म्हणून पोलीस कधी पैसे मागवून घेत नाहीत." १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७९ त्यांनी समजावलं. साक्षीदार म्हणून चौकशी करायची असेल, तर ६० वर्षांवरच्या पुरुषावर किंवा कुठल्याही वयाच्या स्त्रीवर पोलीस ठाण्यात येण्याची सक्ती करता येत नाही. पोलिसांनीच घरी यायचं. हे ऐकताच वह्या-पेनं बाहेर आली.

चहा सुरू झाल्यावर एक आजोबा हवालदारांच्या जवळ सरकले. "माझ्या एका मित्राचे पैसे गेलेत," असं म्हणून त्यांनी सुरुवात केली. हवालदारांनी मित्राचं नाव विचारलं नाही. कधी गेले, कोणत्या बँकेतून, मेसेज जपून ठेवलाय का, एवढंच विचारलं. तिसऱ्या प्रश्नाला आजोबांनी स्वतःचाच मोबाइल पुढे केला. मुलाला अजून सांगितलं नव्हतं. हवालदारांनी त्यांना खुर्चीवर बसवलं, सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावून दिला आणि मेसेजमधला व्यवहार क्रमांक एकेक आकडा करून वाचून दाखवला. या नंबरवर तक्रार नोंदली की पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला कळवलं जातं आणि तिथे शिल्लक असलेली रक्कम रोखता येते. चोर मात्र पैसे भराभर पुढच्या खात्यांत फिरवतात, म्हणून पहिले काही तास फार महत्त्वाचे. आजोबांचे ते तास लाजेपायी गेले होते.

पोलिसांनी गुन्ह्याच्या आधी लोकांत येऊन बसावं, ही गोष्ट महाराष्ट्राने पूर्वी करून दाखवली आहे. १९८४ च्या दंगलीत होरपळलेल्या भिवंडीत पुढे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. वस्तीतली साधी माणसं आणि ठाण्यातले शिपाई-हवालदार त्यांत एकत्र बसू लागले, एकमेकांना नावाने ओळखू लागले. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली.

बीटवरच्या हवालदाराची ओळख हीच या कामाची खरी पुंजी आहे. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांच्या रजिस्टरमध्ये औषधं, शेजाऱ्याचा नंबर, कामवाल्या बाईंचं नाव हे सगळं नीट लिहिलेलं असतं. पण बदली झाली की रजिस्टर मागे उरतं, ओळख नव्याने करावी लागते. बंदोबस्ताच्या दिवसांत तर घरभेटी सगळ्यात आधी मागे पडतात. या भेटींना तपासाइतकंच महत्त्व मिळायला हवं. त्या आजोबांनी हवालदारांवर टाकला तसा विश्वास परिपत्रक काढून तयार होत नाही.

तोवर आपल्या हातात आहे ते करू या. आई-वडिलांच्या मोबाइलमध्ये १९३० आणि तातडीच्या मदतीचा ११२ हे नंबर आजच सेव्ह करून द्या. आणि पैसे गेले तरी आम्ही रागावणार नाही, आधी आम्हाला सांगा, हे त्यांना स्पष्ट शब्दांत सांगा.