प्रवासात मोबाईल हरवला तर दुकानाचे काम अडू नये

२०२५ च्या पावसाळ्यात माल पाहायला सुरतला गेलो होतो. रिंग रोडवरील मार्केटमधून निघून रिक्षात बसलो, खिशात हात घातला तर मोबाईल गायब! मुलाचा नंबर पाठ नव्हता. दुकानाचा जुना नंबर पाठ होता, म्हणून आडत्याच्या फोनवरून नाशिकला बोलता आले. तिकडे धुळ्याला पाठवायचा दीड लाखाचा माल बांधून तयार, टेम्पो दारात उभा, आणि ई-वे बिलासाठी लागणारा ओटीपी माझ्याच नंबरवर येणार. मुलाला पासवर्ड माहीत होता, पण नुसता पासवर्ड आता पुरत नाही. मोठ्या उलाढालीच्या व्यापाऱ्यांना ओटीपीची ही सक्ती आधीच होती. १ एप्रिल २०२५ पासून ती लहानमोठ्या सर्वांना लागू झाली आहे.

वाटले, नाशिकला जाऊन डुप्लिकेट सिम घेतले की प्रश्न मिटला. सिम मिळाले, पण एसएमएस बंद! दूरसंचार विभागाच्या २०२२ च्या आदेशानुसार बदललेल्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस येत नाही आणि जातही नाही. खोट्या कागदपत्रांवर कोणी तुमच्या नावाचे सिम काढले तर तुम्हाला सावध व्हायला वेळ मिळावा, हा त्यामागचा हेतू. नियम योग्यच आहे. मात्र या काळात बँकेचा ओटीपी येत नाही आणि यूपीआयदेखील नव्या फोनवर सुरू होत नाही, कारण त्याची पडताळणी त्याच सिमवरून एसएमएस जाऊन होते. म्हणजे मालही अडला, पैसाही अडला.

तेव्हा बंदोबस्त निघण्यापूर्वीच करावा. ई-वे बिलाच्या पोर्टलवर मुलगा, भाऊ किंवा मुनीम यांना त्यांच्या स्वतःच्या मोबाईल नंबरसह सब-युजर करता येते. मग ओटीपी त्यांच्या नंबरवर जातो. हे काम थोड्या वेळाचे आहे, पण मी ते महिनोन्‌महिने टाळले होते.

ई-मेलचेही तसेच. गुगलच्या खात्याला दुहेरी सुरक्षा लावली असेल तर सेटिंगमध्ये आठ-आठ आकड्यांचे दहा बॅकअप कोड मिळतात. फोन नसताना पासवर्डसोबत यातला एक कोड टाकला की खाते उघडते. प्रत्येक कोड एकदाच चालतो. ते कागदावर छापून एक प्रत घरी आणि एक प्रवासात पाकिटापासून वेगळी ठेवावी. मी त्यांचा फोटो काढून मोबाईलमध्येच ठेवला होता. तिजोरीची किल्ली तिजोरीत! व्हॉट्सॲपलाही सहा आकडी पिन लावावा. नाहीतर ज्याच्या हाती सिम, त्याच्या हाती तुमच्या ऑर्डरी.

फोन गेलाच तर पहिला फोन सिम कंपनीला करून सिम बंद करावे, पोलिसांकडे नंतर जावे. चोराने सिम दुसऱ्या फोनमध्ये घातले तर तुमचे ओटीपी त्याला मिळू लागतात. मग बँकेला कळवून यूपीआय व नेट बँकिंग थांबवावे. खात्यातून पैसे गेले असतील तर १९३० वर तक्रार द्यावी. त्यानंतर पोलीस तक्रारीची प्रत घेऊन केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर हँडसेट बंद करता येतो. त्यासाठी फोनचा पंधरा आकडी आयएमईआय नंबर लागतो. तो खोक्यावर असतो किंवा *#०६# दाबल्यावर दिसतो. मी तो आता बँकेच्या व मुलाच्या नंबरांसोबत खिशातल्या डायरीत लिहून ठेवला आहे.