तरुण स्त्रियांमधील स्तनाचा कर्करोग

वयाच्या ४० वर्षांच्या आत उद्भवणाऱ्या स्तनाच्या कर्करोगास सामान्यतः तरुण स्त्रियांमधील स्तनाचा कर्करोग असे म्हटले जाते. काही अभ्यासांत ही मर्यादा ४५ किंवा ५० वर्षे धरली जाते. या वयात हा रोग तुलनेने विरळा आहे. परंतु झाल्यास तो आक्रमक स्वरूपाचा असण्याची आणि उशिरा लक्षात येण्याची शक्यता अधिक असते. ठरावीक काळाने मॅमोग्राफी करणे हा प्रौढ स्त्रियांसाठी रूढ झालेला उपाय तरुण वयात तितकासा उपयोगी ठरत नाही. म्हणून या वयोगटात लक्षणांची जाण, कौटुंबिक इतिहासाची माहिती आणि गाठ आढळल्यास विनाविलंब निदान या तीन गोष्टींवर भर दिला जातो.

प्रमाण

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे २३ लाख स्त्रियांना स्तनाचा कर्करोग झाला व सुमारे ६ लाख ७० हजार स्त्रिया त्याने मृत्युमुखी पडल्या. त्याच वर्षी भारतात सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आणि सुमारे ९८ हजार मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग हाच आहे.

पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत भारतातील रुग्णांचे सरासरी वय सुमारे दहा वर्षांनी कमी आढळते. त्यावरून भारतातील तरुण स्त्रियांना हा रोग जडण्याचा धोका फार मोठा आहे, असा निष्कर्ष अनेकदा काढला जातो. तो पूर्णतः बरोबर नाही. भारताच्या लोकसंख्येतच तरुणांचा वाटा मोठा असल्याने रुग्णांमध्येही तरुणांचे प्रमाण अधिक दिसते. वयोगटनिहाय दर पाहिल्यास भारतातही तरुणपणापेक्षा पन्नाशीनंतर धोका अधिक असतो. मात्र रुग्णालयात येणाऱ्या तरुण रुग्णांची संख्या मोठी असल्याने 'हे म्हातारपणाचे दुखणे' हा समज येथे अधिक घातक ठरतो.

जोखीम वाढविणारे घटक

बहुसंख्य रुग्णांच्या कुटुंबात हा रोग पूर्वी कोणाला झालेला नसतो. तथापि तरुण वयातील रुग्णांमध्ये आनुवंशिक कारणाचे प्रमाण अधिक असते. १९९० मध्ये मेरी-क्लेअर किंग या अमेरिकन संशोधिकेने अशा आनुवंशिक कर्करोगाचा संबंध १७ व्या गुणसूत्राशी असल्याचे दाखविले. पुढे १९९४ मध्ये 'बीआरसीए १' आणि १९९५ मध्ये 'बीआरसीए २' या जनुकांची ओळख पटली. या जनुकांत घातक उत्परिवर्तन असलेल्या स्त्रीला ८० वर्षे वयापर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे ७० टक्के असल्याचे एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात आढळले. असे उत्परिवर्तन वडिलांकडूनही येऊ शकते. म्हणून आई, मावशी व आजी यांच्याबरोबर आत्या आणि वडिलांची आई यांचाही इतिहास विचारात घ्यावा लागतो. जवळच्या नात्यात अंडाशयाचा कर्करोग किंवा पुरुषास स्तनाचा कर्करोग झालेला असणे, हेही महत्त्वाचे संकेत आहेत. लहानपणी अथवा तरुणपणी अन्य आजारासाठी छातीवर किरणोपचार झालेल्या स्त्रियांनाही धोका अधिक असतो.

लक्षणे

- स्तनात किंवा काखेत नव्याने जाणवणारी गाठ. ती बहुधा दुखत नाही
- स्तनाच्या आकारात अथवा ठेवणीत झालेला बदल
- त्वचेवर खळी पडणे, त्वचा जाड होणे किंवा संत्र्याच्या सालीसारखी दिसणे
- स्तनाग्र आत ओढले जाणे, त्यावर न भरणारी जखम होणे किंवा त्यातून रक्तमिश्रित स्राव येणे

तरुण स्त्रियांच्या स्तनातील बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. फायब्रोअ‍ॅडेनोमा ही निरुपद्रवी गाठ तरुण वयात विशेष आढळते. परंतु कोणती गाठ निरुपद्रवी आहे, हे केवळ वयावरून किंवा ती दुखते की नाही यावरून ठरविता येत नाही. गरोदरपणी व स्तनपानाच्या काळात उद्भवलेली गाठ दुधाची समजून सोडून दिली जाण्याची शक्यता असते. ती काही आठवड्यांत न विरल्यास तपासणे आवश्यक ठरते.

मॅमोग्राफीच्या मर्यादा

लक्षणे नसलेल्या व्यक्तींची रोगासाठी केलेली तपासणी म्हणजे चाळणी तपासणी किंवा स्क्रीनिंग. तरुण स्त्रीच्या स्तनात दाट ऊतींचे प्रमाण अधिक असते. मॅमोग्राफीच्या चित्रात या ऊती पांढऱ्या दिसतात आणि गाठही पांढरीच दिसते. त्यामुळे गाठ झाकली जाऊ शकते. शिवाय रोग विरळा असल्याने अनेक निरोगी स्त्रियांवर अनावश्यक पुढील तपासण्यांची वेळ येते. अमेरिकेतील प्रतिबंधात्मक सेवा कृतिदलाने २०२४ मध्ये सर्वसाधारण जोखमीच्या स्त्रियांसाठी मॅमोग्राफी ५० ऐवजी ४० व्या वर्षापासून, दर दोन वर्षांनी करण्याची शिफारस केली. ४० वर्षांखालील स्त्रियांसाठी तशी शिफारस नाही.

बीआरसीए उत्परिवर्तन असलेल्या स्त्रियांसाठी वेगळे वेळापत्रक असते. त्यांना साधारणतः २५ व्या वर्षापासून दरवर्षी एमआरआय आणि ३० व्या वर्षापासून त्याच्या जोडीने मॅमोग्राफी सुचविली जाते.

स्वपरीक्षण आणि हाताने तपासणी

चीनमधील शांघाय येथे कापड गिरण्यांतील सुमारे २ लाख ६६ हजार स्त्री-कामगारांवर झालेल्या चाचणीचे अंतिम निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. स्वपरीक्षणाचे पद्धतशीर शिक्षण दिल्याने मृत्यूंचे प्रमाण घटले नाही. उलट निरुपद्रवी गाठींच्या बायोप्सी वाढल्या. त्यामुळे दरमहा ठरावीक पद्धतीने स्वपरीक्षण करण्यापेक्षा स्वतःच्या स्तनांची नेहमीची ठेवण माहीत असणे व बदल जाणवताच डॉक्टरांकडे जाणे, यावर आता अधिक भर दिला जातो.

मुंबईतील टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ मध्ये ३५ ते ६४ वर्षे वयाच्या १ लाख ५१ हजारांहून अधिक स्त्रियांवर चाचणी सुरू केली. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी याप्रमाणे चार फेऱ्यांत निम्म्या गटाची हाताने तपासणी केली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २० वर्षांच्या निष्कर्षांनुसार तपासणी झालेल्या गटात रोग तुलनेने लवकरच्या टप्प्यात आढळला. ५० वर्षे व त्यावरील स्त्रियांमध्ये मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. ५० वर्षांखालील स्त्रियांमध्ये मात्र लक्षणीय घट दिसली नाही. स्वस्त व सोपी तपासणी उपयोगी ठरू शकते, परंतु प्रौढ स्त्रियांना मिळणारा लाभ तरुण स्त्रियांनाही मिळेल असे गृहीत धरता येत नाही, हे या चाचणीतून दिसून आले.

भारतातील स्थिती

केंद्र शासनाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३० ते ६५ वर्षे वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी हाताने स्तनतपासणी अपेक्षित आहे. प्रत्यक्षात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) ३० ते ४९ वयोगटातील केवळ ०.९ टक्के स्त्रियांनी अशी तपासणी कधीतरी झाल्याचे सांगितले.

विलंबाची कारणे केवळ वैद्यकीय नाहीत. दुखत नाही म्हणून आजार अंगावर काढणे, पुरुष डॉक्टरांपुढे तपासणीचा संकोच, खर्च, मुलांचे संगोपन आणि विवाहाबाबतची भीती यांमुळे स्त्रिया उशिरा येतात. 'या वयात काही नसते' असे सांगून डॉक्टरांनीच परत पाठविल्यासही विलंब होतो.

निदान

निदानासाठी तिहेरी पद्धत वापरली जाते: डॉक्टरांनी हाताने केलेली तपासणी, प्रतिमा आणि सुईने घेतलेल्या नमुन्याची तपासणी. तरुण स्त्रियांमध्ये प्रतिमेसाठी प्रथम सोनोग्राफी केली जाते. गरोदरपणीही ती सुरक्षित असते. रसायनोपचारांमुळे प्रजननक्षमता कमी होऊ शकत असल्याने बीजांडे किंवा भ्रूण गोठवून ठेवण्याविषयीचा निर्णय उपचारांपूर्वीच घ्यावा लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आरंभलेल्या उपक्रमात रुग्ण प्रथम डॉक्टरांकडे आल्यापासून ६० दिवसांत निदान पूर्ण करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. नियमित चाळणी तपासणीचा आधार नसलेल्या तरुण स्त्रियांच्या दृष्टीने हे उद्दिष्ट विशेष महत्त्वाचे आहे.