गुरुवारचा रविवार आणि शेडवरचं ऊन

लहानपणी आमच्या चिंचवडच्या घरात रविवार गुरुवारी यायचा! बाबांना कंपनीची सुट्टी गुरुवारी, त्यामुळे सिनेमा, खरेदी, पाहुणे सगळं त्याच दिवशी. विजेवरचा ताण वाटला जावा म्हणून या औद्योगिक पट्ट्याची सुट्टी गुरुवारी ठेवलेली. थोडक्यात काय, आमचं कॅलेंडर विजेनं ठरवलं होतं.

2006 मध्ये राज्यभर लोडशेडिंग असताना इथले उद्योग स्वतःचे जनरेटर चालवायचे, म्हणून ग्रीडची वीज शहराला मिळायची. जादा खर्च ग्राहकांच्या बिलात. ‘पुणे मॉडेल’ देशभर गाजलं. पण दिवे लागले की धुराचा हिशेब कोण विचारतो?

परवा चाकणला लाइनवर काम करणाऱ्या माझ्या चुलतभावाला विचारलं, “काय रे दादा, आता सगळं ग्रीन ना?”

“शेडवर सोलर आहे गं,” तो हसला, “पण माझी नाइट शिफ्ट आहे!”

मुद्दा तिथेच आहे, राव. ग्रीडच्या एका युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. समजा, कंपनीनं कार्यक्षमता वाढवून प्रत्येक गाडीमागची वीज 10 टक्के वाचवली. शाब्बास! पण गाड्या 20 टक्के जास्त काढल्या, तर एकूण वीज 8 टक्के वाढली. वीज तीच असेल, तर धूरही तेवढाच वाढला.

देशाचंही तेच. 2005 ते 2020 मध्ये जीडीपीच्या प्रत्येक रुपयामागचं उत्सर्जन 36 टक्क्यांनी घटलं, पण एकूण उत्सर्जन वाढलंच. 2025 मध्ये आपली निम्मी वीजक्षमता कोळसा-गॅसशिवायची झाली. प्रत्यक्षात तयार होणारी वीज मात्र दोन-तृतीयांशाहून जास्त कोळशाचीच, कारण सूर्य ओव्हरटाइम करत नाही!

म्हणजे नुसती उत्पादकता पुरत नाही, तिच्या जोडीला स्वच्छ वीज हवी, आणि तीही रात्री. त्यासाठी बॅटरी हवी, वारा हवा. बजाज ऑटोच्या पवनचक्क्या तर सातारा जिल्ह्यातल्या वनकुसवडे पठारावर दोन दशकांपूर्वीच फिरू लागल्या होत्या. शिवाय भट्ट्या, पेंट शॉपसारखी जास्त वीज खाणारी कामं जमेल तितकी दुपारी घेता येतील.

दादाला हे सांगितलं. तो म्हणाला, “म्हणजे रात्रपाळी कमी होईल? मग पोरीला शाळेत मीच सोडेन की!”

बाबांच्या वेळी विजेनं वार बदलला. आता तिनं पाळी बदलली, तर आमच्या घरी कुणाचीच तक्रार नसेल.