एकच इमेज, दहा बोर्ड, ओळख मात्र एकच

तुम्ही एक रास्पबेरी पाय मन लावून तयार केला, त्याच्या एसडी कार्डाची इमेज काढली आणि मराठी शाळेतल्या मुलांसाठी आणखी नऊ कार्डांवर तीच उतरवली. दहाही बोर्ड सुरू होतात, पण राउटर सगळ्यांना एकच आयपी पत्ता देतो. मॅक पत्ता तर प्रत्येकाचा वेगळा आहे, मग हे कसं?

इमेजमध्ये प्रोग्रामांबरोबर ओळखही असते. ईटीसी फोल्डरातल्या मशीन-आयडी फाइलीत ३२ हेक्स अंकांचा एक क्रमांक असतो. उबुंटू सर्व्हरसारख्या लिनक्समध्ये राउटरकडे पत्ता मागताना मॅक पत्त्याऐवजी या क्रमांकावरून बनवलेली ओळख सांगितली जाते. एकाच सोशल सिक्युरिटी नंबरावर दहा जण रांगेत उभे राहावेत, तसंच हे.

म्हणून इमेज काढण्याआधी ती फाइल रिकामी करा. पुढच्या बूटला प्रत्येक बोर्ड स्वतःचा क्रमांक बनवतो. मात्र डी-बसच्या फोल्डरात जुन्या क्रमांकाची वेगळी प्रत राहिली असेल, तर तीच पुन्हा उचलली जाते. (तासभर डोकं खाजवायला लावणारी जागा हीच!)

आयपीचा गोंधळ निदान दिसतो. एसएसएचच्या होस्ट किल्ल्यांचा दिसत नाही, म्हणून तो जास्त वाईट. खाजगी किल्ली सगळीकडे एकच असेल, तर एक कार्ड हाती लागलेला माणूस उरलेल्या नऊ बोर्डांचं सोंग घेऊ शकतो. त्या किल्ल्या पुसा, पण पहिल्या बूटला नव्या घडवणारी छोटी सेवाही इमेजमध्ये ठेवा, नाहीतर एसएसएच सुरूच होणार नाही.

आणि नव्या किल्ल्या खरंच वेगळ्या असतात का? २०१२ मध्ये नादिया हेनिंगर, झाकिर दुरुमेरिक, एरिक वुस्ट्रो आणि अ‍ॅलेक्स हाल्डरमन यांनी इंटरनेटभरच्या सार्वजनिक किल्ल्या गोळा करून त्यांचा मसावि काढला. हो, शाळेतलाच मसावि! आरएसए किल्ली म्हणजे दोन मूळ संख्यांचा गुणाकार. दोन यंत्रांची एक मूळ संख्या सारखी निघाली, की मसावि ती उघडी पाडतो. टीएलएस वापरणाऱ्या ०.५ टक्के यंत्रांच्या खाजगी किल्ल्या त्यांना अशा मिळाल्या. त्यांतली बहुतेक राउटर, फायरवॉल अशी छोटी यंत्रं होती. नुकत्याच सुरू झालेल्या अशा यंत्राला ना कीबोर्ड, ना माउस. ते यादृच्छिकता आणणार कुठून?

रास्पबेरी पायमध्ये यादृच्छिक संख्या देणारं हार्डवेअर आहे. किल्ल्या बनण्याआधी ते वापरात येतंय ना, एवढं पाहा. सिस्टमडीची रँडम-सीड फाइलही इमेजमधून काढून टाका, म्हणजे सगळ्यांचं बी एकच राहणार नाही. मग वाटपाआधी दोन बोर्ड चालवून त्यांचे मशीन-आयडी आणि किल्ल्यांचे ठसे शेजारी ठेवून ताडून घ्या.