मोटरहोमची शेगडी: वरचा पत्रा काढा, गॅसच्या नळीला हात लावू नका

मागच्या भागात मोटरहोमच्या पाण्याच्या टाकीबद्दल बोललो, आज शेगडी. सिअ‍ॅटलमध्ये आम्ही तिघा मित्रांनी मिळून एक जुनी मोटरहोम घेतलीय. ओट्यात बसवलेली तीन बर्नरची शेगडी आहे, आणि तिच्यावर चहा, फोडण्या, रविवारी पोहे असं सगळं चालतं. म्हणजे पत्र्याखाली काय साचत असेल ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

'शेगडी काढायची' याचे दोन अर्थ होतात, आणि इथेच गडबड होते. एक, वरचा पत्रा उचलायचा. दोन, गॅसची जोडणी सोडवून अख्खी शेगडी ओट्यातून बाहेर काढायची. सफाईसाठी पहिलं पुरतं. दुसरं काम गॅसचा जाणकार असेल त्यालाच द्या.

आधी बाहेरचा टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा. फ्रिज गॅसवर चालत असेल तर तो विजेवर घ्या, नाहीतर आतलं दूध गेलं समजा. मग एक बर्नर पेटवा आणि आपोआप विझेपर्यंत जळू द्या. नळीत उरलेला गॅस संपतो. शेगडी पूर्ण गार होऊ द्या. जाळ्या उचला, त्यांच्याखालचे छोटे रबर हरवू नका, गाडी चालताना खडखडाट तेच थांबवतात. नॉब सरळ ओढून काढा. पत्रा बहुतेक वेळा दोन-चार स्क्रूंवर किंवा स्प्रिंगच्या क्लिपांवर बसलेला असतो. हळूच उचला, कारण ठिणगीची वायर खाली अडकलेली असू शकते. आणि हो, उचलण्याआधी मोबाईलवर फोटो काढा. आपल्या भाषेत बॅकअप!

पत्र्याला खायचा सोडा आणि पाण्याची पेस्ट लावून अर्धा तास ठेवा, मग मऊ स्पंजने पुसा. तारेची घासणी नको, एनॅमलवर ओरखडे पडतात. बर्नरचे भाग अ‍ॅल्युमिनियमचे असतील तर सोडाही नको, ते काळे पडतात. साधा भांड्यांचा साबण आणि कोमट पाणी पुरे. बर्नरची भोकं जुन्या टूथब्रशने साफ करा.

आता खरी नाजूक जागा: जेट. म्हणजे ते बारीक भोकाचं पितळी तोंड, ज्यातून गॅस बर्नरच्या नळीत शिरतो. त्यात सुई, पिन, काहीही घालायचं नाही. भोक जराही मोठं झालं की गॅस जास्त येतो, हवेचं प्रमाण बिघडतं, ज्योत पिवळी होते आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि मोटरहोमची खोली ती केवढी! गाडी हिवाळाभर उभी असेल तर बर्नरच्या नळीत डोकावून बघा. कोळ्यांना ती जागा फार आवडते, आणि त्यांचं जाळं हवेची वाट अडवतं. हा अक्षरशः बग.

परत लावताना बर्नरची नळी जेटवर नीट बसलीय ना, हे नक्की बघा. अनेक शेगड्यांत ती नुसती सरकवलेली असते. बाजूला राहिली तर गॅस पत्र्याखाली पसरतो. इथे गाडीत प्रोपेन असतो (ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपासच वायू व्हायचा थांबतो, प्रोपेन उणे 42 पर्यंत चालतो) आणि तो हवेपेक्षा सुमारे दीडपट जड. गळला की जमिनीलगत साचतो, म्हणूनच गॅसचा अलार्म खाली बसवलेला असतो.

सगळे भाग पूर्ण वाळवा. मग खिडकी उघडून व्हॉल्व्ह चालू करा आणि दिसणाऱ्या सांध्यांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले की व्हॉल्व्ह बंद, ठिणगी किंवा दिव्याचं बटण न दाबता सगळे गाडीबाहेर, आणि मेकॅनिकला फोन. बुडबुडे नसतील तर एकेक बर्नर पेटवा. ज्योत निळी, स्थिर हवी. सुरुवातीला नारिंगी झाक दिसली तर धूळ किंवा ओल असेल, जाते ती. पाच मिनिटांनीही पिवळीच राहिली, तर त्या दिवशी जेवण बाहेर.

पुढच्या भागात गॅसवर फ्रिज थंड कसा होतो ते. भेटू!