तिसरी उसळी

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या (डीजीसीए) पहिल्यावहिल्या क्रमवारीत देशातल्या एकाही वैमानिक प्रशिक्षण संस्थेला ‘ए’ श्रेणी मिळाली नाही, यावर पुरेशी हळहळ व्यक्त करून झाली आहे. १३ संस्था ‘बी’मध्ये, २२ ‘सी’मध्ये. मला त्यातली गुणांची वाटणी जास्त बोलकी वाटली. विमानं, प्रशिक्षक, विद्यार्थ्यांचे तास अशा कामकाजाला १०० पैकी ४० गुण आणि सुरक्षेला २०.

बारामतीकरांना सुरक्षेचं मोल वेगळं सांगायला नको. ऑक्टोबर २०२३मध्ये चार दिवसांत तिथं प्रशिक्षणाची दोन विमानं कोसळली. ऑगस्ट २०२५मध्ये आणखी एक उतरताना पुढचं चाक गमावून बसलं. सुदैवानं कुणाला इजा झाली नाही. त्या विमानाचं नेमकं काय झालं याचा निवाडा चौकशी करणाऱ्यांनी करावा. पण शिकाऊ विमान, उतरण्याची वेळ आणि मोडलेलं पुढचं चाक ही त्रयी जगभरातल्या फ्लाइंग क्लबांच्या इतकी ओळखीची आहे, की ती जमते कशी हे पाहायलाच हवं.

सेसना १७२ साधारण ६५ नॉटनं, म्हणजे ताशी १२० किलोमीटरनं, धावपट्टीकडे येते. नवा विद्यार्थी हात राखून येतो आणि दहा नॉट जास्त ठेवतो. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून या दहा नॉटांपोटी विमानाला तिसऱ्या हिश्शाएवढी जादा ऊर्जा जिरवावी लागते. त्यात जमीन जवळ आली की पंखांना होणारा हवेचा अडथळा घटतो. विमान खाली बसायलाच तयार होत नाही, तरंगत राहतं आणि धावपट्टी भराभर मागे सरकत जाते. विद्यार्थी एकटा उडत असेल तर आणखी पंचाईत. ७५७ किलो कमाल वजनाच्या सेसना १५२मधून प्रशिक्षक उतरला की दहावा हिस्सा वजन कमी झालेलं असतं, आणि सवयीपेक्षा हलकं विमान सवयीपेक्षा लांब तरंगतं.

आता हात काय करतो? नियंत्रणाचा दांडा पुढे ढकलतो. उतरत नाहीस काय, उतर!

हा हात का चुकतो, हे वुल्फगँग लँगवीश यांच्याइतकं नीट कुणी सांगितल्याचं मला माहीत नाही. जर्मनीत जन्मलेले आणि अमेरिकेत चाचणी वैमानिक झालेले हे गृहस्थ. १९४४ सालचं त्यांचं ‘स्टिक अँड रडर’ आजही शिकाऊ वैमानिकांच्या हाती दिलं जातं. दांडा मागे ओढला की विमान वर आणि पुढे ढकलला की खाली, हा प्रत्येक नवशिक्याचा समज ते मुळापासून उखडतात. दांडा ठरवतो तो पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यातला कोन; बाकीचं सगळं त्यामागून येतं. हे पटलं की उतरण्याचं कोडंही सुटू लागतं. उतरायचं म्हणजे विमान जमिनीपासून वीतभर वर धरून ठेवायचं, वेग ओसरेल तसा दांडा हळूहळू मागे घेत राहायचं. थकलं की ते आपणच मागच्या दोन चाकांवर बसतं. अंतःप्रेरणा ज्याला चढणं म्हणते, तेच इथं उतरणं असतं. ऐंशी वर्षांपूर्वीचं हे पुस्तक आपल्या संस्थांनी परीक्षेच्या प्रश्नसंचांइतकं वाचून घेतलं, तर मी त्यांना पदरचे पाच गुण देईन.

दांडा ढकलला की पुढचं चाक आधी आपटतं. सेसनाची मागची चाकं लवचिक पोलादी पायांवर असतात, धक्का सोसतात. पुढचं चाक इंजिनामागच्या पत्र्याच्या भिंतीला जोडलेलं. त्याचं काम दिशा देण्याचं, आघात झेलण्याचं नव्हे. नाक उसळतं, घाबरलेला विद्यार्थी पुन्हा ढकलतो. त्याचा हात विमानापेक्षा क्षणभर मागे असल्यानं सुधारणा नेमकी उलट्या वेळी पोचते आणि चपटा दगड पाण्यावर भाकऱ्या काढत जावा तसं विमान उड्या घेत सुटतं. फरक एवढाच, की दगडाच्या उड्या लहान होत जातात आणि या मोठ्या. तिसऱ्या उसळीच्या सुमाराला चाक जातं, प्रोपेलर जमिनीला लागतो आणि इंजिन उघडून तपासण्याचं बिल येतं.

उपाय सगळ्यांना पाठ आहे: पहिल्याच उसळीला पूर्ण शक्ती द्या, गो-अराउंड करा, वर जा, फेरी मारून पुन्हा या. शेजारचा प्रशिक्षक ‘आय हॅव कंट्रोल’ म्हणून हे करू शकतो, पण प्रत्येक वेळी त्यानंच केलं तर मूल शिकणार कधी? आणि थांबला तर हाती सेकंदभर उरतो. कधी थांबावं आणि कधी नाही, हा अंदाज अनुभवानं येतो, आणि आपल्याकडचे बरेच प्रशिक्षक स्वतःच एअरलाइनच्या नोकरीसाठी तास जमवणारे तरुण असतात.

पैशाचं गणितही आहेच. २०० तासांचं लायसन्स, खर्च चाळीस-पन्नास लाखांच्या घरात, घरच्यांनी काढलेलं कर्ज. परत वर जायचं म्हणजे मीटर चालूच. विद्यार्थ्यानं वेळेत गो-अराउंड केला तर त्या फेरीचे पैसे लावू नयेत, असं माझं सरळ मत आहे. क्रमवारी वर्षातून दोनदा लागणार आहे. पुढच्या यादीत या एका गोष्टीला चार गुण ठेवायला डीजीसीएला कुणाची परवानगी लागत नाही.