अंगणवाडीतून पहिलीत येताना

अंगणवाडीत मदतनीस असते, पहिलीच्या वर्गात नसते. मोठ्यांच्या हा फरक ध्यानीमनीही नसतो. सहा वर्षांच्या मुलाला मात्र पहिल्याच दिवशी तो कळतो, कारण चड्डीची नाडी सोडायला आता कुणी नसतं.

मी डहाणू तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत पहिली शिकवते. अंगणवाडी शाळेच्याच आवारात आहे, मध्ये फक्त हातपंप. तरी जूनमध्ये तिकडून इकडे आलेली काही मुलं आठ-आठ दिवस तोंड उघडत नाहीत. तिथल्या सेविकाताई त्याच पाड्यावरच्या, घरच्यासारखं वारलीत बोलणाऱ्या. मी पुस्तकातलं मराठी बोलते. तिथे सतरंजीवर गोल करून बसायचं, गाणी म्हणायची, खाऊन दुपारी घरी जायचं. इथे घंटा, तास, वही आणि संध्याकाळपर्यंत शाळा.

पालक विचारतात, ‘बाई, याला अजून अक्षरं काढता येत नाहीत, चालेल का?’ चालेल. अक्षरं शिकवायला मी आहे. मुलाला लघवी लागली की सांगता यावं, आपली ताटली धरता यावी, दुसऱ्याची पाळी संपेपर्यंत थांबता यावं आणि आई दिसेनाशी झाली तरी ती परत येणार याचा भरवसा असावा. माझ्या दृष्टीने पहिलीची तयारी ती हीच. २०२२पासून राज्यात ‘पहिले पाऊल’ नावाने शाळापूर्व तयारीचे मेळावे होतात. तिथे मूल रेषेवरून चालतं, चेंडू झेलतं, चित्र पाहून बोलतं, चिंचोके मोजतं आणि आईला कळतं की घरच्या घरी काय करून घ्यायचं. मला हे मेळावे फार मोलाचे वाटतात. कारण त्या दिवशी आई शाळेत येते, आणि तिला कुणी सही करायला बोलावलेलं नसतं.

मुलाला हळूहळू शाळेशी जोडायची ही काही नवी कल्पना नव्हे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. मूल शाळेत येत नाही तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, हा त्यांचा विचार. अंगणवाडी त्यातूनच आली. पुढे १९५७मध्ये त्यांची संस्था कोसबाडच्या टेकडीवर गेली. तिथल्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा अशी एकत्र होती की मुलाला एकातून दुसऱ्यात जाताना उंबरठा लागू नये. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा एकच पायाभूत टप्पा मानला, आणि पहिलीतले सुरुवातीचे तीन महिने खेळातून तयारीसाठी ठेवायला २०२१मध्ये ‘विद्या प्रवेश’ हा कार्यक्रम आला. कागदावर टप्पा एक झाला, पण अंगणवाडी महिला व बालविकास विभागाकडे आणि पहिली शालेय शिक्षण विभागाकडेच राहिली. मूल हातपंप ओलांडून येतं, त्याच्याबद्दलची माहिती येत नाही.

दिव्यांग मुलांच्या बाबतीत हे फार महाग पडतं. माझ्या वर्गात एक मुलगी आली. तिचे दोन्ही कान लहानपणापासून वाहायचे, ऐकू कमी यायचं. प्रवेशाच्या कागदांत नाव, जन्मतारीख, जात, आधार क्रमांक सगळं होतं. कानांबद्दल एक ओळ नव्हती. सेविकाताई आपणहून वर्गात आल्या. म्हणाल्या, ‘बाई, तिला लांबून हाक मारू नका. आधी खांद्याला हात लावा, मग समोर बसून बोला. पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की तिला काहीच कळत नाही, तेव्हा जवळ घ्या.’ तीन वर्षं तिच्याबरोबर काढून त्यांना हे उमगलं होतं. एवढं कोणत्याही तपासणी अहवालात सापडलं नसतं.

मग मी गाणी हातवाऱ्यांनी घ्यायला लागले, सूचनेआधी चित्र दाखवायला लागले. त्याचा फायदा ज्यांना माझं मराठी समजत नव्हतं त्या सगळ्यांनाच झाला. समावेशक शिक्षण मला त्या पावसाळ्यात खऱ्या अर्थाने कळलं.

अशा मुलांच्या तपासणीची सोय आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३मध्ये आमच्या पालघरमधूनच झाली. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यायला हवं. दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीत काय करावं याची मार्गदर्शिकाही केंद्राने २०२३मध्ये काढली. पण कमतरता कायद्यात आहे. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांचा. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा मोफत शिक्षणाचा हक्क देतो तो सहा ते अठरा वर्षांना. म्हणजे ज्या वयात मदतीचा सर्वांत जास्त उपयोग होतो, त्या वयाला शिक्षणाचा हक्कच नाही. हे मला मुळीच मान्य नाही.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर पहिली घेणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना एक विनंती आहे. एप्रिलमध्ये दोन-तीन सकाळी अंगणवाडीत जाऊन बसा. मुलांना तुमचा चेहरा ओळखीचा होऊ द्या, आणि सेविकाताईंना एकेका मुलाबद्दल विचारून वहीत लिहून घ्या. पालकांनो, तुमचं मूल उशिरा बोलायला लागलं असेल, त्याला कमी दिसत असेल, फिट येत असेल, तर प्रवेश मिळणार नाही या भीतीने लपवू नका. प्रवेश नाकारता येत नाही. पहिल्याच दिवशी बाईंना सांगा, आणि गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना शाळेत बोलावण्याचा आग्रह धरा.